निर्दोष सुटकेविरुद्ध अपील आणि मॅजिस्ट्रेटचे अधिकार: गोव्यातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव अशा कोर्टांत फौजदारी कामं चालवताना हे प्रश्न मला सतत विचारले जातात. वाईट याचं वाटतं की विचारणारे बहुतेक वेळा उशिरा येतात. निकालानंतर तीन-चार महिने 'सरकार बघेल' म्हणून थांबलेले असतात आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क २००९ पासून पीडित व्यक्तीच्या स्वतःच्या हातात आहे. हे माहीत नसल्यामुळे तो हक्क वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. कलमांचे आकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता २०२३ मधले आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा, म्हणजे सीआरपीसीचा, आकडा लोकांच्या तोंडी बसलेला असेल तिथे तोही दिला आहे.

कोर्टाने आरोपीला सोडून दिलं. आता सगळं संपलं का?

नाही. खालच्या कोर्टाचा निकाल हा त्या कोर्टापुरता शेवट असतो. सुटकेविरुद्ध अपील होऊ शकतं, आणि अपिलात आरोपी दोषी ठरून त्याला थेट शिक्षाही होऊ शकते. पण अपील केलं की निकाल फिरेलच, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. शिक्षेविरुद्धच्या अपिलापेक्षा सुटकेविरुद्धचं अपील जिंकणं कितीतरी अवघड असतं. त्याचं कारण पुढे येईल.

'आरोपी सुटला' असं सांगितलं की तुम्ही 'नेमका कसा सुटला' असं का विचारता?

कारण पुढचा रस्ता त्यावरच ठरतो. खटला पूर्ण चालला, साक्षी झाल्या आणि कोर्टाने निर्दोष ठरवलं, तर अपील. आरोप निश्चित होण्याआधीच पुरेसा पुरावा नाही म्हणून आरोपीला डिस्चार्ज केलं, तर ती निर्दोष मुक्तता नव्हे. त्याविरुद्ध अपील नाही, रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश तपासून बघण्याची वरच्या कोर्टाला विनंती, करावी लागते. पुढे नवा ठोस पुरावा मिळाला तर डिस्चार्ज झालेल्या माणसावर पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी नवा खटला होत नाही.

मॅजिस्ट्रेटने तुमची खाजगी तक्रार सुरुवातीलाच कलम २२६ खाली फेटाळली असेल, तर तिथेही रिव्हिजनच.

एक प्रकार लोकांना फार फसवतो. समन्स केसमध्ये खाजगी तक्रारदार तारखेला हजरच राहिला नाही, तर कलम २७९ प्रमाणे मॅजिस्ट्रेट आरोपीला निर्दोष सोडू शकतो. एकही साक्ष झालेली नसते, तरी कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण निर्दोष मुक्तता ठरते. नव्या संहितेत तक्रारदाराला हजर होण्यासाठी ३० दिवसांची सवड द्यावी लागते, हा थोडा दिलासा. तरीही तारीख चुकवू नका. वकील येणार नसेल तर स्वतः जाऊन उभे राहा.

सुटकेविरुद्ध अपील कोण करू शकतं?

तिघं: सरकार, खाजगी तक्रारीवरच्या खटल्यातला तक्रारदार आणि पीडित व्यक्ती. पहिल्या दोघांचा अधिकार कलम ४१९ मध्ये आहे. जुन्या सीआरपीसीत ते ३७८ होतं. पीडिताचा अधिकार कलम ४१३ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात आहे, म्हणजे जुनं ३७२. हे परंतुक २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. त्याआधी पोलिस केसमध्ये सरकारने अपील केलं नाही, तर ज्याच्या घरात चोरी झाली किंवा जिचा विनयभंग झाला, तिच्या हाती अपिलाचा हक्कच नव्हता.

पीडिताला तीन कारणांसाठी अपील करता येतं: आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली. शिक्षा कमी वाटते एवढ्याच कारणावर मात्र पीडिताला अपील नाही. ते सरकार करू शकतं.

अपील कुठल्या कोर्टात जातं? मॅजिस्ट्रेटच्या निकालावर थेट पर्वरीच्या हायकोर्टात जायचं का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगते.

समजा, फोंड्याच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाने घरफोडीच्या केसमध्ये आरोपीला सोडलं. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही. अशा वेळी सरकारचं अपील सेशन्स कोर्टात जातं, आणि ते करायला सांगण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला असतो.

आता दुसरी केस घ्या. बेदरकारपणे गाडी चालवून स्कूटरवरच्या माणसाचा जीव घेतला. आपल्या रस्त्यांवर हे दुर्दैवाने नेहमीचंच झालं आहे. हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली येतो, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३०४-अ होतं. तो दखलपात्र आहे, पण जामीनपात्र आहे. म्हणून मॅजिस्ट्रेटने चालकाला सोडलं तर सरकारचं अपील सेशन्समध्ये जात नाही. ते हायकोर्टात जातं, राज्य सरकारच्या आदेशाने, आणि तिथे आधी हायकोर्टाची परवानगी मिळवावी लागते.

याच अपघाताच्या केसमध्ये मृताच्या पत्नीने अपील केलं तर? पीडिताचं अपील त्या कोर्टात जातं, जिथे शिक्षेविरुद्धचं अपील गेलं असतं. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असती तर आरोपी सेशन्स कोर्टात गेला असता. म्हणून पत्नीचं अपीलही सेशन्समध्येच, उत्तर गोव्यातली केस असेल तर उत्तर गोव्याच्या आणि सासष्टी-मुरगावकडची असेल तर दक्षिण गोव्याच्या. एकाच निकालावर सरकारला हायकोर्टाची पायरी चढावी लागते आणि विधवेला जिल्ह्यातच दाद मागता येते. अनेक कुटुंबं हायकोर्टाच्या खर्चाला घाबरून गप्प बसतात. त्यांना ही गोष्ट कुणीतरी वेळेत सांगायला हवी.

सेशन्स कोर्टाने, किंवा गोवा बाल कायदा २००३ खालच्या बाल न्यायालयाने आरोपीला सोडलं असेल, तर अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात. हे खंडपीठ ३० ऑक्टोबर १९८२ पासून आहे. आधी ते पणजीत आल्तिनोवर होतं, २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे.

'पीडित' म्हणजे नक्की कोण? मी फिर्याद दिली नव्हती, तरी मला अपील करता येईल का?

येईल. ज्याचं नुकसान झालं किंवा ज्याला इजा झाली तो पीडित. त्याचा पालक आणि कायदेशीर वारस हेही पीडितच. खून झालेल्या माणसाचा मुलगा फिर्यादी नसला तरी अपील करू शकतो. याउलट, रस्त्यावरून जाताना पाहिलं म्हणून पोलिसांत वर्दी देणारा वाटसरू फिर्यादी असेल, पण पीडित नाही. त्याला हा हक्क नाही.

पीडिताला अपिलासाठी कोर्टाची परवानगी लागते का?

लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात १२ ऑक्टोबर २०१८ ला बहुमताने हे स्पष्ट केलं. सरकारला हायकोर्टात परवानगी मागावी लागते, खाजगी तक्रारदाराला विशेष परवानगी मागावी लागते, पीडिताला मात्र थेट अपील दाखल करता येतं. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत फौजदारी न्यायप्रक्रियेत सामान्य माणसासाठी याहून मोठा बदल झालेला नाही.

चेक बाउन्सच्या केसमध्ये आरोपी सुटला. मला हायकोर्टात जावं लागेल का?

पूर्वी याचं उत्तर 'हो' होतं. चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची, केस खाजगी तक्रारीवर चालते, म्हणून विशेष परवानगीचा अर्ज घेऊन हायकोर्टात जावं लागायचं. दोन-तीन लाखांच्या चेकसाठी काणकोणहून पर्वरीला खेपा घालायच्या, यात कितीतरी छोट्या दुकानदारांनी नाद सोडून दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सेलेस्टियम फायनान्शियलच्या निकालात सांगितलं की चेक न वटल्यामुळे ज्याचे पैसे बुडाले तो तक्रारदारही 'पीडित' आहे. म्हणून त्याला कलम ४१३ च्या परंतुकाखाली, विशेष परवानगी न मागता, अपील करता येतं. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर ते सेशन्स कोर्टात जातं.

मुदत किती?

सरकारच्या अपिलाला लिमिटेशन कायद्याप्रमाणे ९० दिवस. खाजगी तक्रारदाराच्या विशेष परवानगीच्या अर्जाला सुटकेच्या आदेशापासून ६० दिवस. तक्रारदार सरकारी अधिकारी असेल, उदाहरणार्थ अन्न किंवा कामगार खात्याचा निरीक्षक, तर सहा महिने. विशेष परवानगी मिळाल्यावर अपील दाखल करायला ३० दिवस.

पीडिताच्या अपिलासाठी कलम ४१३ मध्ये मुदतीचा आकडाच दिलेला नाही. 'मग कितीही वेळ आहे' असा अर्थ काढू नका. शिक्षेविरुद्धच्या अपिलाला सेशन्स कोर्टात ३० दिवस आणि हायकोर्टात ६० दिवस असतात. तीच मुदत आपल्यालाही आहे असं धरून चाला, म्हणजे वाद उरत नाही.

मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक टप्प्याचं पटणारं कारण द्यावं लागतं. आजारपण असेल तर हॉस्पिटलचे कागद लावा. 'कायदा माहीत नव्हता' हे कारण सहसा टिकत नाही.

निकाल लागल्याबरोबर काय करायचं?

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, निकालपत्राच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. शिक्षा झालेल्या आरोपीला नक्कल मोफत मिळते, पीडिताला साधारणपणे फी भरून घ्यावी लागते. नक्कल हातात आली की तिच्यावरचा शिक्का बघा: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. या तारखा फार मोलाच्या आहेत, कारण नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. मात्र तयार झालेली नक्कल तुम्ही आठवडाभर उचलली नाहीत, तर तो आठवडा तुमच्या खात्यात. आणि अर्जच चाळीस दिवसांनी केला असेल, तर ते चाळीस दिवस कुणी परत देत नाही.

नव्या संहितेच्या कलम ३९२ प्रमाणे शक्यतो सात दिवसांत निकाल कोर्टाच्या पोर्टलवर टाकायचा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकला की केसची स्थिती दिसते. वाचायला ते उत्तम, पण अपिलाला जोडायला प्रमाणित नक्कलच मिळवून ठेवा.

नक्कल मिळाली की सुरुवातीलाच 'मुद्दे' आणि त्यांपुढे 'निष्कर्ष' लिहिलेला भाग सापडेल. कोर्टाने कुठल्या मुद्द्यावर 'सिद्ध झाले नाही' म्हटलं ते शोधा आणि त्याची कारणं खालच्या परिच्छेदांत वाचा. पंचांनी पंचनामा नाकारला? ओळखपरेड झाली नाही? वैद्यकीय अहवाल आणि साक्ष जुळत नाहीत? अपील याच कारणांवर लढायचं असतं. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्यावर ते उभं राहत नाही.

सरकारी वकील म्हणाले, 'आम्ही अपील करू'. मग मी थांबू का?

थांबू नका. सरकारी वकिलाच्या हेतूवर मला शंका नाही, पण सरकारी फाइलला स्वतःची चाल असते. सरकारी वकिलाचं मत लागतं. मोठ्या गुन्ह्यांत अपील करावं की नाही यावर मत देण्याचं काम नव्या संहितेने अभियोजन संचालकांकडे, म्हणजे सरकारी खटल्यांच्या खात्याच्या प्रमुखांकडे दिलं आहे. मग जिल्हाधिकारी किंवा राज्य सरकारचा आदेश यावा लागतो. फाइल शेवटी 'अपिलास योग्य नाही' असा शेरा घेऊन परत आली, तर तोवर तुमची मुदत संपलेली असते.

दोन्ही गोष्टी एकदम करा. निकालानंतर आठवड्याभरात अभियोजन संचालनालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विनंती द्या, पोच घ्या. आणि आपल्या अपिलाची तयारी सुरू ठेवा.

अपिलात कोर्ट काय बघतं? सुटका उलटवणं इतकं अवघड का?

खटला सुरू होतो तेव्हा प्रत्येक आरोपी निर्दोष मानला जातो. खटला चालून कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं की ते गृहीतक दुप्पट पक्कं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या चंद्रप्पा निकालात हे नियम एकत्र मांडले. अपिलाच्या कोर्टाला सगळा पुरावा नव्याने तपासायचा पूर्ण अधिकार आहे. पण त्याच पुराव्यावरून दोन वाजवी मतं होऊ शकत असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचं मत घेतलं असेल, तर वरचं कोर्ट केवळ आपलं मत वेगळं आहे म्हणून ढवळाढवळ करत नाही. याची मुळं प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाच्या, १९३४ च्या शिव स्वरूप निकालापर्यंत जातात.

म्हणजे अपिलात दाखवायचं काय? तर खालच्या कोर्टाने महत्त्वाचा पुरावा बघितलाच नाही, चुकीचा वाचला, कायदा चुकीचा लावला, किंवा असा निष्कर्ष काढला जो कुठलाही समंजस माणूस त्या पुराव्यावरून काढणार नाही. पीडितांना हा नियम कठोर वाटतो, ते मी समजू शकते. पण तो आपल्या प्रत्येकाच्या रक्षणासाठी आहे. उद्या तुमच्या मुलाला कुणी खोट्या केसमध्ये अडकवलं, तर याच नियमाचा त्याला आधार असेल.

गोव्यातली दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर एक ब्रिटिश किशोरी मृतावस्थेत सापडली. गोव्याच्या बाल न्यायालयाने २०१६ मध्ये दोन्ही आरोपींना निर्दोष सोडलं. सीबीआयने अपील केलं आणि जुलै २०१९ मध्ये गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला दोषी ठरवून १० वर्षांची सक्तमजुरी दिली. दुसऱ्याची सुटका कायम राहिली. एकच अपील, तेच साक्षीदार, पण प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा वेगळा तोलला गेला. दुसरं प्रकरण ऑक्टोबर २००९ च्या मडगाव स्फोटाचं. विशेष न्यायालयाने २०१३ च्या अखेरीला सहा जणांना निर्दोष सोडलं, एनआयएने अपील केलं आणि २०२० मध्ये हायकोर्टाने सुटका कायम ठेवली. तपास यंत्रणा मोठी असली म्हणून अपील यशस्वी होतंच असं नाही.

साक्षीदार फितूर झाले. अपिलात नवे साक्षीदार आणता येतील का?

सहसा नाही. अपील जुन्या रेकॉर्डवरच चालतं. कलम ४३२ खाली अपिलाचं कोर्ट जादा पुरावा घेऊ शकतं, पण न्यायासाठी तो खरोखर गरजेचा आहे असं वाटलं तरच. खटल्यात ठेवायचा राहून गेलेला सगळा पुरावा नंतर भरून काढायची ही सोय नव्हे. म्हणून खटला चालू असतानाच जागं राहायचं. पीडिताला सरकारी वकिलाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो, आणि साक्ष संपल्यावर लेखी युक्तिवादही देता येतो. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

रिव्हिजन करून सुटकेचं शिक्षेत रूपांतर होईल का?

नाही. कलम ४४२(३) तसं स्पष्ट मना करतं. अपिलाचा हक्क असताना अपीलच करा.

माझा भाऊ निर्दोष सुटला. समोरच्यांनी अपील केलंय. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालतो का?

अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे, पहिल्याचाच पुढचा टप्पा आहे. म्हणून घटनेच्या कलम २०(२) चा किंवा संहितेच्या कलम ३३७ चा भंग होत नाही. खटला संपण्याआधी कोर्ट आरोपीकडून जामीनपत्र घेतं, की वरच्या कोर्टाची नोटीस आली तर हजर राहीन. ते सहा महिने लागू असतं. हे कलम ४८१ प्रमाणे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हायकोर्ट अपील दाखल करून घेताना कलम ४३१ खाली वॉरंट काढू शकतं आणि जामिनावर सोडू शकतं किंवा कोठडीत ठेवू शकतं. नोटीस आली की ताबडतोब वकिलामार्फत हजर व्हा. नोटीस न घेता टाळत राहणारा माणूस विनाकारण स्वतःवर वॉरंट ओढवून घेतो.

भावाच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे: खालच्या कोर्टाने दिलेली कारणं. ती नीट असतील तर त्यांच्यावरच उभं राहा, नवीन गोष्टी रचायच्या भानगडीत पडू नका.

हायकोर्टाने सुटका उलटवून शिक्षा दिली तर?

फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल, तर कलम ४२० प्रमाणे सर्वोच्च न्यायालयात अपील हा हक्कच आहे. शिक्षा त्याहून कमी असेल तर विशेष अनुमती याचिका, म्हणजे आधी सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागते.

मॅजिस्ट्रेटला किती शिक्षा देता येते?

प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही देऊ शकतो. दंडाची मर्यादा पूर्वी १०,००० होती. काही किरकोळ गुन्ह्यांत आता समाजसेवेची शिक्षाही आहे. मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत कैद देऊ शकतो. द्वितीय वर्गाला एक वर्ष आणि १०,००० रुपये.

लोक विचारतात, अपघाती मृत्यूच्या कलमात पाच वर्षांची तरतूद आहे, मग जेएमएफसी पाच वर्षं का देत नाही? कारण कायद्यात गुन्ह्याची कमाल शिक्षा वेगळी आणि त्या कोर्टाची मर्यादा वेगळी. आरोपी दोषी आहे पण आपल्या अधिकारापेक्षा कडक शिक्षा हवी, असं मॅजिस्ट्रेटला वाटलं तर तो कलम ३६४ प्रमाणे केस मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. प्रत्यक्षात हे क्वचित होतं.

मामलेदारही मॅजिस्ट्रेटच ना? मग चोरीची केस त्याच्याकडे का नाही चालत?

मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी हे कार्यकारी दंडाधिकारी. शांतता राखणं हे त्यांचं काम: चॅप्टर केस (शांतता राखण्याचा जामीन घ्यायची कारवाई), जमावबंदीचा आदेश, जमिनीच्या ताब्यावरून मारामारीची भीती असेल तर कलम १६४ ची कारवाई. गुन्ह्याचा खटला चालवून शिक्षा देणं किंवा निर्दोष ठरवणं हे त्यांच्या हातात नाही. ते न्यायदंडाधिकाऱ्याचं काम, आणि तो हायकोर्टाच्या देखरेखीखाली असतो.

म्हणून मामलेदाराने चॅप्टर केस बंद केली, की 'तो निर्दोष सुटला, आता अपील करू' असं म्हणता येत नाही. तिथे कुणी सुटलेलाच नसतो, कारण खटलाच नव्हता. शांतता राखण्यासाठी जामीन द्यायचा आदेश ज्याच्यावर झाला, त्याला मात्र सेशन्स कोर्टात अपील आहे.

पोलिस गुन्हा नोंदवत नाहीत. मॅजिस्ट्रेट काय करू शकतो?

बरंच काही. आधी ठाण्यात लेखी तक्रार, मग पोलिस अधीक्षकांना लेखी तक्रार, आणि तरीही हालचाल नाही तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. जुना आकडा १५६(३). अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. मॅजिस्ट्रेट पोलिसांचं म्हणणं विचारात घेऊन तपासाचा आदेश देऊ शकतो. आधीच्या दोन पायऱ्या गाळल्या की अर्ज तिथेच अडकतो, म्हणून दोन्हींच्या पोचपावत्या जपून ठेवा.

दुसरा मार्ग खाजगी तक्रारीचा, कलम २२३. आता आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेट अशा तक्रारीची दखल घेऊ शकत नाही. यामुळे वेळ वाढला आहे, हे मान्य करायला हवं.

पोलिसांनी 'समरी' अहवाल देऊन केस बंद करायला सांगितलं. मला विचारायला नको का?

विचारायलाच हवं. फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेटने असा अहवाल स्वीकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच भगवंत सिंग प्रकरणात सांगितलं आहे. नोटीस आली की हरकत अर्ज द्या. त्यात कुणाचा जबाब घेतला नाही, कुठलं सीसीटीव्ही फुटेज जप्त केलं नाही, असं नेमकं लिहा. मॅजिस्ट्रेट अहवाल नाकारून स्वतः दखल घेऊ शकतो किंवा पुढचा तपास सांगू शकतो. नोटिशीला उत्तरच दिलं नाही तर केस तिथेच मिटते, आणि मग अपील करायला काही उरत नाही.

गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे. फौजदारीतही तो चालतो का?

नाही. वारसा, लग्नातली मालमत्ता अशा नागरी बाबतीत पोर्तुगीज काळातून आलेली व्यवस्था आहे. गुन्हे आणि फौजदारी प्रक्रिया मात्र देशभर आहेत तेच कायदे.

साक्ष मराठीत दिली, निकाल इंग्रजीत आला. मला कळलंच नाही.

आपल्याकडच्या कोर्टांत हे रोजचं आहे. साक्षीदार मराठीत किंवा कोंकणीत बोलतो, न्यायाधीश इंग्रजीत सांगतात, टंकलेखक उतरवून घेतो. साक्षीदार म्हणतो, 'तो माझ्या अंगावर धावून आला', आणि कागदावर येतं, तो माझ्याकडे आला. वर्षभराने उलटतपासणीत किंवा अपिलात याच एका शब्दावरून गाडी अडते. साक्ष संपल्यावर ती वाचून, समजावून सांगितली जाईल असा आग्रह धरा. तो तुमचा हक्क आहे. चुकीचं लिहिलं असेल तर सही करण्याआधी, तिथल्या तिथे सांगा. अपिलात 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणून चालत नाही.

आरोपी सुटला म्हणजे भरपाईही गेली का?

नाही, आणि हे फार कमी जणांना ठाऊक आहे. खटला निर्दोष मुक्ततेत किंवा डिस्चार्जमध्ये संपला, तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज असेल तर कलम ३९६ प्रमाणे कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं. रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. गुन्हेगार सापडलाच नाही तरी पीडित थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. निकालाच्या दिवशीच वकिलाला ही मागणी करायला सांगा.

वकिलाची फी परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. निकालाची नक्कल आणि ओळखपत्र घेऊन जा, आणि मुदत कधी संपते ते अर्जात पहिल्याच ओळीत लिहा.

अपील चालू असताना मृत्यू झाला तर?

आरोपी वारला तर सुटकेविरुद्धचं सरकारचं अपील तिथेच संपतं, कलम ४३५. अपील करणारा पीडित वारला तर मात्र त्याचे कायदेशीर वारस ते पुढे चालवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आहे. वारसांनी मृत्यूचा दाखला जोडून आपलं नाव लावण्याचा अर्ज लगेच द्यावा, पुढच्या तारखेची वाट बघत बसू नये.